सोमवारचे बोंबील

बेटेगाव, बोईसर
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

प्रिय हिरावहिनी,

मेघालीचा नमस्कार. पोस्टाचं पाकीट बघून तुला वाटेल माझ्या लग्नाची पत्रिका आली. तसं काही नाही, दादाला सांग, त्याचा जीव भांड्यात पडू दे.

तू फोन घेत नाहीस म्हणून पत्र. दर वेळी दीपिका उचलते आणि "आई वलांडीवर हाय" म्हणते. सकाळी वलांडीवर, दुपारी वलांडीवर, परवा दिवेलागणीलाही वलांडीवर. मीही त्याच अंगणात वाढलेय, वहिनी. वलांडीच्या बांबूंवर बोंबील टांगायचे आणि उतरवायचे त्याला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे. तेव्हा काय समजायचं ते समजले.

मी बरी आहे. खोलीवर पाणी एक दिवसाआड येतं, बाकी त्रास नाही. गाळ्यात कामाचा जोर आहे. उन्नतीताईंची बोंबलाची चटणी आता पार विरारपर्यंतच्या दुकानांत जाते. चार वर्षांपूर्वी बाई घरच्या मिक्सरवर चटणी वाटत होत्या, आज आम्ही सात जणी आहोत. मी खरेदी आणि साठा बघते. म्हणजे नक्की काय, ते दादाला अजून समजलेलं नाही. तो गावात सांगतो की मेघाली कंप्युटर दुरुस्त करते.

म्हणून तुला तरी नीट सांगते. कोणत्या दुकानात किती पाकिटं खपली ते दुकानदार त्याच्या फोनवर भरतो. आपल्याकडे कच्चा माल किती उरला ते मी भरते. मग आमच्या कंप्युटरमधली सिस्टीम सांगते की पुढच्या खेपेला सुके बोंबील किती, जवळा किती, मिरची किती लागेल आणि ते कोणाकडून घ्यावं. गेल्या वर्षी पावसाळ्यात आमचा अंदाज चुकला आणि दोन पोती जवळा फेकावा लागला. यंदा मूठभरसुद्धा फेकला नाही. ही चांगलीच गोष्ट आहे. तुला हसायचं तर हस.

आता मुद्द्यावर येते. दिवाळीनंतर तुला ऑर्डर गेली नाही, आणि जाणार नाही. ही सिस्टीम प्रत्येक माल देणाऱ्याला शंभरपैकी गुण देते. माल वेळेवर आला का, सांगितला तेवढा आला का, एवढंच बघते. गेल्या हंगामापासून दिवाळीपर्यंत तू नऊ वेळा माल दिलास. त्यात चार वेळा उशीर, सहा वेळा वजन कमी. गुण घसरत घसरत अठ्ठेचाळीसवर आले. साठाच्या खाली गेलं की नाव लाल होतं. आता दुसऱ्या एका व्यापाऱ्याकडून माल येतो. माझ्या हातात काही नव्हतं. मशीनला नणंद-भावजय समजत नाही.

यंदा ऑर्डर दुप्पट होणार असं मीच तुला गणपतीत सांगितलं होतं. त्या भरवशावर तू वलांडीला चाळीस नवे बांबू लावलेस. पाडव्याच्या दिवशी ते बांधताना एक टोक मी धरलं होतं. हे सगळं माझ्या लक्षात आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस, मालाला गिऱ्हाईक कुठेही मिळतं.

दीपिकाला गणिताकडे लक्ष द्यायला सांग.

तुझी,
मेघाली

ता. क. भाऊबीजेला मी जेवण अर्धं टाकून निघाले, ते शेवटची एसटी चुकेल म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं.


बेटेगाव
सोमवार, २४ नोव्हेंबर

हिरावहिनी,

पत्राचं उत्तर आलं नाही, बोंबील आले.

आमचा देवू टेम्पोवाला जवळा आणायला आपल्या एडवणला आला होता, तेव्हा त्याच्याकडे तू पुडकं दिलंस. वर्तमानपत्रात बांधलेलं, वर दीपिकाच्या जुन्या रिबिनीची गाठ. देवू म्हणाला, "वयनी बोलली, उधानाची हायेत, मेघालीला आवडतात." बाकी काय बोलली विचारलं तर म्हणाला, "बाकी काय नाय बोलली." मी ते पुडकं घरी नेलं नाही. गाळ्यातल्या माझ्या फळीवर, वजनाच्या यंत्राशेजारी ठेवलं. भाजून खायचं धाडस झालं नाही.

इकडचं सांगते. तो नवा व्यापारी मोठा वक्तशीर. सोमवारी सकाळी दहा म्हणजे दहा. साठ किलो सांगितले तर साठच, एक मासा इकडे नाही की तिकडे नाही. सिस्टीममध्ये त्याचे गुण शहाण्णव. पहिल्या सोमवारीच मी त्याच्या पोत्यातला बोंबील हातात घेतला आणि तो वाकला. तूच शिकवलं आहेस, दोन दिवसांचा बोंबील वाकतो आणि तीन दिवसांचा मोडतो. त्याचा वाकत होता, वर मीठ मारलेलं. पण वाकतो की मोडतो हे लिहायला सिस्टीममध्ये जागाच नाही. मीही तोंडाने काही बोलले नाही.

परवा शनिवारी त्याची मागची पोती उघडली तर आत पांढरी बुरशी. त्याच मालाची चटणी दुकानांत गेली होती, ती परत मागवली. आजारी कोणी पडलं नाही हे नशीब. उन्नतीताई एका रिकाम्या क्रेटवर बसल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "पाकिटावर माझ्या आईचा फोटो आहे ग."

मग त्यांची नजर माझ्या फळीवर गेली. त्यांनी तुझं पुडकं सोडलं, एक बोंबील काढला आणि मोडला. सगळ्या जणींना आवाज ऐकू गेला.

"हे कुठले?"

"एडवणचे. वहिनीचे."

"मग आपण हे बंद का केले?"

मी म्हटलं, सिस्टीमने केले.

त्यांनी मला तुझा सगळा हिशोब पडद्यावर काढायला लावला. तुझे चार उशीर त्यांनी तारखांसकट वाचले. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते. चारही तारखा अष्टमीच्या मागच्यापुढच्या. तुला हे वाचून हसू येईल, पण त्यांना मला पहिल्यापासून सांगावं लागलं. आपली डोलीची जाळी पाण्याच्या ओढीवर चालतात. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी जोरात ओढतं आणि जाळं भरतं. अष्टमीच्या सुमाराला पाणी मरतं, त्याला आपण भांग म्हणतो, तेव्हा जाळं रिकामं येतं. भांगाच्या दिवसांत एडवणला कोणाच्याच वलांडीवर नवे बोंबील नसतात. म्हणजे तू आळस केला नव्हतास. दर्यात मासळीच नव्हती.

वजनाचंही तेच. तू साठ किलोच्या अंदाजाने टांगतेस आणि तिसऱ्या दिवसाचं ऊन खाऊन बावन्न उतरतात. जे आठ किलो कमी भरतात ते पाणी असतं. व्यापारी ते पाणी पोत्यात घालून देत होता.

उन्नतीताईंनी विचारलं, "मग सोमवार कोणी ठरवला?"

मी ठरवला, वहिनी. जानेवारीत सिस्टीम भरली तेव्हा "माल येण्याचा वार" अशी चौकट होती. वार निवडल्याशिवाय ती पुढे जाऊ देत नव्हती. चटणी मंगळवारी वाटतात म्हणून मी सोमवार निवडला. होड्यांच्या घरात जन्मले, तिथी बघून दादा निघायचा आणि तिथी बघून आई टोपल्या धुवायची, आणि मी दर्याला वार लावला. शहरातल्या माणसाने केलं असतं तर त्याला माफ करता आलं असतं.

हे तुला सांगायचं होतं. चूक सोमवारची होती, म्हणजे माझी होती.

तुझा माल घेणाऱ्या पालघरच्या खानावळवाल्यानेही आता तो थांबवला असं दादा फोनवर म्हणाला. त्याने का थांबवला ते काही कळत नाही. लोकांचं काही सांगता येत नाही.

आता तरी फोन घे.

तुझी,
मेघाली


बेटेगाव
मार्गशीर्ष वद्य अष्टमी, भांग

वहिनी,

आज वार लिहिला नाही. हे पत्र दीपिकाला वाचायला देऊ नकोस. तू सातवीपर्यंत शिकली आहेस, अक्षर मी मोठं काढते, सावकाश वाच. पण तूच वाच.

परवा दादा गाळ्यात आला होता. होडी किनाऱ्याला म्हणून मोकळा होता. दोन वर्षांत पहिल्यांदा आला. दारात चपला काढून उभा राहिला, मी आत ये म्हटलं तरी येईना. आत सगळ्या बायका डोक्याला टोप्या घालून होत्या, त्याला वाटलं दवाखान्यासारखं काही असेल. शेवटी बाहेर नळाजवळ बोललो.

"हिरा निमी वलांडी उतरवते," तो म्हणाला. "नवे बांबू सोडून ठेवले. तुला सांगू नको बोलली, म्हनून सांगायला आलो."

मग त्याने खिशातून फोन काढला. पालघरच्या खानावळवाल्याने त्याला एक फोटो पाठवला होता. आमच्याच सिस्टीमचा पडदा. त्या खानावळीतही तीच सिस्टीम आहे, आणि कोणी एखाद्याचा माल बंद केला की त्याचं कारण बाकीच्यांना दिसतं. तुझ्या नावापुढे लाल अक्षरांत लिहिलं होतं, "माल निकृष्ट".

दादा मला म्हणाला, "तुला कंप्युटरमधला कलतं. बग जरा, कोन लिवते असा. हिराचा माल कवा खराब होता?"

मी म्हटलं, बघते.

मी लिहिलं, वहिनी.

पहिल्या पत्रात मी तुला खोटं सांगितलं आणि दुसऱ्यात अर्धंच खरं. गुण साठाच्या खाली गेले की नाव लाल होतं, एवढं खरं. पण नाव आपोआप बंद होत नाही. सिस्टीम विचारते, "या पुरवठादाराला चालू ठेवायचे का?" खाली हो आणि नाही. "नाही" दाबलं तर कारण मागते. दर जास्त, अंतर लांब, माल निकृष्ट, इतर. उन्नतीताई त्या दिवशी दुकानांच्या फेरीला गेल्या होत्या. जाताना म्हणाल्या होत्या की एडवणचं माणूस तुझं आहे, तूच ठरव. "इतर" दाबलं असतं तर कोणाला काही कळलंच नसतं. मी "माल निकृष्ट" दाबलं. चहा गार व्हायच्या आत हे सगळं झालं. बुरशीच्या शनिवारी उन्नतीताईंना तुझा हिशोब दाखवताना हे पान मी उघडलंच नाही.

भाऊबीजेला मी एसटीसाठी उठले नव्हते. तुला ते तेव्हाच कळलं असणार. सगळे जेवायला बसले होते आणि तू आत्याला म्हणालीस, "आमची मेघाली आता बोंबील हातात नाय घेत, काचंवर बगते. वास येल ना तिला." सगळे हसले. दादा हसला. दीपिकासुद्धा हसली. तू हे बोलता बोलता माझ्या ताटात तळलेला बोंबील वाढत होतीस, त्यातला सगळ्यात कुरकुरीत शोधून. तो मला दिसला नाही. मला फक्त हसणं ऐकू आलं.

एवढं का लागलं तेही सांगते. मी रोज सकाळी खोलीवरून निघताना बोटांना लिंबू चोळते. दोन वर्षं झाली, कोणाला माहीत नाही. गाळ्यातही मासळीच आहे, तिथे कोणाला वास येणार आहे? पण बँकेत, रिक्षात, त्या सिस्टीमवाल्या पोरांच्या बैठकीत मी हात टेबलाखाली ठेवते. मला वाटलं तुला ते दिसलं, आणि तू ते सगळ्यांसमोर ताटात वाढलंस. तुला काहीच दिसलं नव्हतं. तू नणंदेची थट्टा केलीस, जशी माझ्या बारावीपासून करत आलीस. चार दिवसांनी सोमवार आला, पडद्यावर तुझं नाव लाल झालं आणि मशीनने मला विचारलं. मला वाटलं, आता विचारतंय तर सांगते.

तुझ्या चाळीस बांबूंचा मला तेव्हा विचार आला नाही. हेही लिहून टाकते. नंतर आला.

दादा गेल्यावर मी हात पुसून उन्नतीताईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. मी म्हटलं की ते कारण पालघरपर्यंत दिसतं हे मला माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "म्हणजे दिसलं नसतं तर चाललं असतं का?"

त्या चिडल्या, पण कामावरून काढलं नाही. म्हणाल्या की बुरशीच्या मालाचा दोष त्या इतके दिवस व्यापाऱ्याला देत होत्या आणि सिस्टीमला देत होत्या. आता कोणाला काय द्यायचं ते त्यांना कळलं. माल कोणाचा चालू ठेवायचा आणि कोणाचा बंद करायचा, हे यापुढे त्या स्वतः ठरवतील. मी या हंगामात पाकिटं भरायच्या टेबलावर आहे. ते बरोबर आहे. हाताला वास येतो, येऊ दे.

सिस्टीम बसवून देणाऱ्या अनुजला पालघरहून बोलावलं. मी त्याला ती ओळ पुसून टाकायला सांगितलं. तो म्हणाला, लिहिलेलं पुसता येत नाही, फक्त त्याखाली लिहिणाऱ्याच्या नावाने दुरुस्ती घालता येते. मग मी लिहिलं, "वरील कारण खोटे आहे. माल उत्तम, तीन दिवस वाळवलेला. रागाच्या भरात चुकीची नोंद केली. मेघाली." अनुजने विचारलं की रागाचं कशाला लिहिता, नुसतं चुकीची नोंद लिहा. मी म्हटलं, राहू दे. आता ते खानावळवाल्यालाही दिसतं आणि ज्यांना ज्यांना ती लाल ओळ दिसली त्या सगळ्यांना दिसतं. खानावळवाल्याकडे मी काल स्वतः जाऊनही आले. तो विचार करतो म्हणाला. तू त्याला एक पुडकं पाठव, मोडून बघेल.

"माल येण्याचा वार" ही चौकट काढली. तिथे आता "माल देणाऱ्याने सांगितलेली तारीख" असं आहे. म्हणजे तू सांगशील ती तारीख, आणि तिच्यापुढे गेलं तरच उशीर. आम्ही उधाणाला जास्तीचा माल घेऊन ठेवायचा आणि भांगात तोच वापरायचा, तेवढं गणित मशीनला छान येतं. आणखी एक नवी चौकट आहे, "वाकतो की मोडतो". ती उन्नतीताईंनी स्वतः सांगून घालून घेतली. व्यापाऱ्याची पुढची पोती त्यांनी दारातच एक एक मोडून बघितली आणि परत पाठवली.

हे सगळं झालं म्हणून तू परत माल द्यावास असं मी म्हणत नाही. उन्नतीताईंना मी म्हटलं की तुम्ही ऑर्डर पाठवा, तुमचं नाव बघून ती घेईल. त्या म्हणाल्या, "ऑर्डर नको. आधी विचारायला हवं. तूच विचार, आणि कागदावर विचार."

म्हणून सोबत एक कागद जोडला आहे. त्यावर येत्या अमावास्येच्या उधाणाचा माल लिहिला आहे, आणि गणपतीत सांगितलं होतं तेवढाच, दुप्पट. वर उन्नतीताईंची सही आहे. खाली मी एक ओळ लिहिली आहे, मशीन मला विचारतं तशीच, फक्त आता प्रश्न तुला आहे. "या गिऱ्हाइकाला चालू ठेवायचे का?" पुढे हो आणि नाही. देवू रविवारी जवळा घ्यायला येईल, त्याच्याकडे दे. तो वाचणार नाही.

बांबू अजून विकले नसतील तर रविवारपर्यंत थांब, एवढीच माझी विनंती. "हो" आलं तर ते परत बांधायला मी येईन, आणि एक टोक मीच धरेन. "नाही" आलं तरी येईन, पण मग अंगणात उभी राहीन, तू आत बोलावेपर्यंत.

तू पाठवलेले बोंबील काल भाजून खाल्ले. सगळ्या जणींना एकेक दिला. मी लिंबू घेतलं नाही.

कागदावर कारण लिहायला मी जागा मोठी ठेवली आहे. हवं ते लिही. मी तुझ्या नावापुढे खोटं कारण लिहिलं, पण तू माझ्या नावापुढे "नाही" लिहिलंस तरी त्याचं कारण खरंच लिहिशील, एवढी खात्री असलेली

तुझी नणंद,
मेघाली